भिंतीतला रिकामा कोनाडा कामाला लावा

आजचा विषय अगदी घरातला आहे. मराठीत कोनाडा, हिंदी मुलखात आला, गुजरातेत गोखलो. नाव काहीही असो, बहुतेक घरांत भिंतीत अशी एक उघडी खाच असतेच, आणि तिच्यात झाडू, छत्र्या, रद्दी कोंबलेली असते. फौजेत बदल्यांमागून बदल्या होत गेल्या आणि अनेक क्वार्टरांत राहिलो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: सामान वाढत जाते, भिंती वाढत नाहीत.

उदाहरण घेऊ. जुन्या घराच्या दीड विटेच्या भिंतीतले दार पलीकडून अर्ध्या विटेने बंद केले आहे. अलीकडे रुंदी ९० सेंटिमीटर, उंची २१० आणि खोली साधारण २२ सेंटिमीटर उरली आहे. पुस्तके, फायली, औषधे यांना एवढी जागा पुरते.

आधी टेहळणी, मग कारवाई. खाचेच्या मागे न्हाणीघर किंवा बाहेरची भिंत असेल तर ओल तपासा. प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला पाणी दिसले, तर आधी ओल थांबवा, फळ्यांचे नंतर बघू. ओल्या भिंतीला प्लाय लावणे म्हणजे वाळवीला आमंत्रण. दुसरे, वायरिंग. स्विचबोर्डाच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल चालवू नका. तिसरे, खाच मोठी करायची म्हणून बीम किंवा कॉलम कधीही छिन्नीने फोडू नका. त्याच्यावर अख्खी इमारत उभी असते. घर भाड्याचे असेल तर मालकाला विचारूनच भोके पाडा.

आता माप. भिंत कधीच काटकोनात नसते. रुंदी वर, मध्ये, खाली आणि पुढे-मागे अशी सगळीकडे मोजा. सर्वांत लहान मापातून ३ मिलिमीटर वजा करून फळी कापा. फरक जास्त असेल तर पुठ्ठ्याचा साचा करा.

फळी १८ मिलिमीटर प्लायची घ्या. स्वयंपाकघर किंवा दमट जागा असेल तर आयएस ७१० छापाचा प्लाय बरा. आठ बाय चार फुटी एका शीटमध्ये पाच फळ्या आणि मधल्या आधाराचे तुकडे आरामात निघतात. आता मधला आधार कशाला? फुटाफुटावर तेवढेच वजन ठेवून फळीची लांबी दुप्पट केली, तर ती सोळा पट वाकते. म्हणून ९० सेंटिमीटरच्या फळीला मध्ये उभा तुकडा द्या. प्रत्येक भाग ४५ सेंटिमीटरचा झाला की वाकण्याची काळजी मिटली.

फळी टेकेल ती लाकडी पट्टी मागे आणि दोन्ही बाजूंना, अशी तिन्हीकडे लावा. उंचीची खूण पाण्याच्या नळीने किंवा लेव्हलने करा, डोळ्यांच्या अंदाजाने नको. स्क्रूचा हिशेब सोपा आहे. पट्टी १८ मिलिमीटर, प्लास्टर साधारण १५, म्हणजे ३३ तिथेच गेले. ५० चा स्क्रू विटेत जेमतेम १७ शिरतो. ७५ चा घेतला तर ४२ शिरतो, तोच घ्या. आठ मिलिमीटरचे भोक, त्याच मापाचा प्लग, आणि भोक विटेत पाडा, दोन विटांमधल्या सांध्यात नको. शेवटी फळी वरून स्क्रूने पट्टीला जखडा, म्हणजे ती उचकटणार नाही.

कुठे काय ठेवायचे, हेही आधीच ठरवा. ए-४ फायलींसाठी दोन फळ्यांत ३३ सेंटिमीटर अंतर ठेवा. जड सामान तळाला. रोज लागणारे गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत. आपल्या वयाच्या माणसाने औषधाच्या डबीसाठी स्टुलावर चढायचे नाही. त्या पडण्याची किंमत कपाटापेक्षा जास्त असते. घरात नातवंडे असतील तर औषधे मात्र त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर, झाकणाच्या डब्यात ठेवा. फळीच्या पुढच्या कडेला दोन बोटे उंच पट्टी मारा. भूकंपप्रवण भागात राहत असाल तर ती हवीच.

आज फक्त टेप घ्या आणि माप लिहून काढा. सुताराला बोलावले तरी तो कागद तुमच्या हातात असू द्या, म्हणजे काम तुमच्या हिशेबाने होईल. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.