पान हलत नाही, तेव्हाच उठायचं

आज लखनऊहून बोलतोय. आपल्याकडे मे महिन्यात वळीव येतो, इथे आँधी येते. ती येण्याआधी कशी ओळखायची, तेवढंच आज पाहू.

परवा रात्री हवामान खात्याच्या संकेतस्थळावर लखनऊच्या डॉप्लर रडारचं चित्र उघडलं. हरदोईच्या बाजूला लाल पट्टा होता आणि त्याच्या पुढे धनुष्यासारखी बारीक रेघ. दहा मिनिटांनी पाहिलं, तर रेघ दहाएक किलोमीटर आपल्याकडे सरकलेली. म्हणजे वेग ताशी ६०. संडीला इथून साधारण ५० किलोमीटर, मलिहाबाद २५. रेघ संडील्यावर असेल तर हाताशी पाऊण तास, मलिहाबादच्या आमराईवर आली की जेमतेम २५ मिनिटं.

ही रेघ कसली? उन्हानं तापलेली जमीन, बंगालच्या उपसागराकडून आलेली ओल आणि वर पश्चिमेकडून आलेली थंड हवा जमली की ढग उंच चढतात. त्यातला पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाळतो. पाणी वाळताना हवा थंड होते, जड होते आणि धाडकन खाली कोसळते. जमिनीवर आपटून ती चहूकडे पसरते. त्या लाटेची कड म्हणजे ही रेघ. धूळ तिच्याच तोंडाशी असते, पाऊस मागून येतो.

हा चक्रवात नव्हे. १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीत खराखुरा सोंडेसारखा चक्रवात उतरला होता, २८ माणसं गेली. चक्रवातात झाडं वेड्यावाकड्या दिशांना पडतात. आँधीत बहुतेक एकाच बाजूला. पण माणसं मारायला आँधीही पुरते. २ मे २०१८ च्या रात्री उत्तर प्रदेश आणि राजस्थानात मिळून शंभराहून अधिक लोक दगावले. सर्वाधिक फटका आग्रा जिल्ह्याला बसला. कित्येक जण झोपेत, पडलेल्या भिंतींखाली गेले.

म्हणून परवा मी गच्चीवर गेलो. घरमालक चाचांच्या खाटा पडलेल्या. ते म्हणाले, "अरे बेटा, पत्ता तक नहीं हिल रहा!" खरंच हलत नव्हतं. तरी खाटा खाली आणल्या, चौकीदाराला पत्र्याच्या खोपटातून जिन्याखाली बोलावलं. वीस मिनिटांनी गच्चीवरच्या टाकीचं झाकण उडालं. खोपटाचे दोन पत्रे सकाळी रस्त्यापलीकडे सापडले.

तुम्ही नागपूरला असा, इंदूरला असा, एवढं करा. हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघा. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप ठेवा. झाड, फलक, कच्ची भिंत आणि पत्रा यांपासून लांब राहा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. आणि स्वतः आत गेलात की थांबू नका. ज्याच्याकडे मोबाइल नाही, त्याचं दार वाजवा.