खजिनदारासाठी कचेरीचे स्थलांतर

मूत्रपिंड बदलता येते, तर मधुमेह्याचे स्वादुपिंडच का बदलू नये, असा रोखठोक सवाल गुडीहत्नूरच्या एका वाचकाने केला आहे. आणि ‘मधुमेह कायमचा गेला’ अशा मथळ्यांचा सध्याचा सुकाळ पाहता तो गैरवाजवी म्हणता येणार नाही.

स्वादुपिंड बदलता येते. १७ डिसेंबर १९६६ रोजी मिनेसोटा विद्यापीठात विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय या शल्यविशारदांनी एका २८ वर्षांच्या स्त्रीच्या उदरात मूत्रपिंडासह परक्या स्वादुपिंडाचा तुकडा बसविला, तेव्हा काही दिवस का होईना, तिची इन्सुलिनची सुई सुटली होती. पुढे थोड्याच महिन्यांत ती दगावली.

परंतु या उपायात एक मौजेची विसंगती आहे. इन्सुलिन स्रवणाऱ्या लँगरहान्सच्या बेटांचा वाटा साऱ्या ग्रंथीत शेकडा एक-दोन. बाकीचा कारभार पाचकरसांचा, आणि तो मधुमेह्याच्या ठायी बहुधा सुरळीत असतो. निजामी अमदानीत एखाद्या तालुक्याचा खजिनदार निकामी झाला म्हणून दुसऱ्या तालुक्याची अख्खी तहसील कचेरी, पेशकार आणि दप्तराच्या बासनांसकट, उचलून आणावी आणि जुनी कचेरीही चालूच ठेवावी, तसा हा प्रकार! (जुने स्वादुपिंड खरोखरच जागेवर राहते, नवे ओटीपोटात बसवितात.) शिवाय परक्या इंद्रियाचा स्वीकार व्हावा म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे निरंतर घ्यावी लागतात. म्हणून ज्याला नव्या मूत्रपिंडासाठी ती घेणे भागच आहे, अशा पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यालाच हा सौदा सहसा परवडतो. उतारवयातल्या नेहमीच्या मधुमेहात इन्सुलिनचा हुकूम सुटतो, पण त्याची तामिली होत नाही. तिथे खजिनदार बदलून काय साधणार?

मग एकटा खजिनदारच, म्हणजे नुसती बेटेच, का आणू नयेत? संशोधक पॉल लेसी यांनी १९६७ मध्ये बेटे वेगळी करण्याची रीत बसविली. २००० साली कॅनडातील एडमंटन येथे सात रुग्णांच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत अशी बेटे सोडली आणि सातही जण इन्सुलिनमुक्त झाल्याचा डांगोरा पिटला गेला. पाच वर्षांनी मात्र अशा रुग्णांपैकी शेकडा दहाच्या आसपासच सुईविना राहिले, हे सांगताना मथळ्यांचा टाइप लहान झाला.

मला अधिक भावतो तो तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात असलेल्या डॉ. रमेश भोंडे यांचा मार्ग. बाहेरून आणण्याऐवजी स्वादुपिंडातच नवी बेटे उगवतील काय, हे पाहण्यासाठी त्यांनी आणि आनंदवर्धन हार्डीकर आदी सहकाऱ्यांनी मधुमेही उंदरांचे स्वादुपिंड अंशतः कापून उरलेल्या भागाचे निरीक्षण केले. तो निबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. उंदरांवरचा प्रयोग माणसाला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे मान्य; पण दात्याची वाट पाहणे आणि जन्माची औषधे हे दोन्ही पेच एकदम सोडवू पाहणारा प्रश्न तोच होता.