विद्यार्थी-चित्रपटासाठी वेशभूषा व रंगवस्तूंचे नियोजन : आसगाव परिसराच्या संदर्भात

नाटकाची वेशभूषा व चित्रपटाची वेशभूषा यांतील मूलभूत भेद क्रमाचा आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमीवर नाटक रात्रभर चालते आणि पात्र कथेच्या क्रमानेच वेश बदलते. चित्रपटात मात्र स्थळ व प्रकाशाच्या सोयीनुसार अखेरचे दृश्य पहिल्याच दिवशी चित्रित होऊ शकते. पवनी तालुक्यातील आसगावसारख्या गावातून नाटकाचे संस्कार घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला हा भेद प्रथम समजावून द्यावा लागतो. शिवाय रंगमंचासाठी भाड्याने मिळणारे झगमगीत पोशाख दुरून शोभतात. कॅमेऱ्यासमोर ते उसने वाटतात.

दादासाहेब फाळके यांच्या ‘लंका दहन’ (१९१७) या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. मूकपटात आवाजाची ओळख नसताना दोन पात्रे वेगळी ठेवण्याचा मोठा भार वेशभूषेवरच होता.

समजा, गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन झाले त्या १९८८ सालातील एका विस्थापित शेतकरी कुटुंबाची कथा निवडली आहे. संहितेतील दृश्ये प्रथम ‘कथादिनां’त विभागावीत, म्हणजे कथेतील कोणत्या दिवशी कोण काय नेसले आहे याचा तक्ता करावा. घर सोडण्याच्या दिवशी आईचे सुती लुगडे चिखलाने माखणार असेल, तर तसेच दुसरे लुगडे हवे. अन्यथा आधीचे दृश्य नंतर चित्रित करता येणार नाही. कोशाचे लुगडे या परिसरात विणले जाते म्हणून प्रत्येक दृश्यात नेसविणे चुकीचे ठरेल. ते लग्नाच्या दृश्यापुरते राखून ठेवल्यासच त्याला अर्थ येतो.

रंगवस्तूंच्या बाबतीत बारीक चुका अधिक होतात. १९८८ च्या नोटिशीवर गोंदिया स्वतंत्र जिल्हा म्हणून छापता येणार नाही. तो भंडाऱ्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. मोबदल्याच्या नोटा ‘महात्मा गांधी मालिके’तील चालणार नाहीत, कारण ती मालिका १९९६ ची. भिंतीवर ‘कालनिर्णय’ मात्र टांगता येईल, कारण ते १९७३ पासून निघते. पान तेवढे त्याच वर्षाचे हवे. (हे पान मिळविण्यात पुष्कळदा लुगड्यापेक्षा अधिक वेळ जातो.)

पितळेची भांडी, सूप, धानाची कणगी या वस्तू गावातच मिळतील, पण त्या मागून आणाव्या लागतात. त्यातही विस्थापित कुटुंबाने जुन्या घरातून वाचवून आणलेला गुंड ही केवळ ‘प्रॉपर्टी’ नव्हे. तो मागताना कथा काय आहे व भांड्याचे चित्रीकरणात काय होणार, हे घरमालकास आधी सांगणे आवश्यक आहे. पाण्यात वाहून जाणारा गुंड दाखवायचा असेल तर बाजारातून जुना विकत घ्यावा. उसनवारीची वही एकाच विद्यार्थ्याकडे असावी. तीत वस्तूचे छायाचित्र, पूर्वीचे पोचे, नेण्याची व परतीची तारीख आणि घरमालकाची सही घ्यावी. चित्रीकरण लांबल्यास वस्तू तशीच ठेवून न घेता घरमालकास पुन्हा विचारावे. सणासाठी त्यांना ती लागणार असेल, तर त्या दृश्याचा दिवस बदलावा.