टाकी हलकी, तर माल जास्त

पांढुर्णा-सौसरच्या मित्रांनो, नागपूर-बैतूल आणि नागपूर-छिंदवाडा रस्त्यांवरून टँकर रोज धावतात. भरलेल्या गाडीच्या वजनाला कायद्याची मर्यादा असते. टाकी जेवढी हलकी, तेवढा माल जास्त. म्हणून एफआरपी, म्हणजे काचतंतू आणि रेझिनची टाकी!

• घनता (ग्रॅम प्रति घन सेंमी): पोलाद ७.८५, एफआरपी सुमारे १.८.
• ताठपणा मात्र पोलादाच्या साधारण दहावा हिस्सा. म्हणून भिंत जाड ठेवतात, बाहेरून फासळ्या देतात.
• आतल्या थरात रेझिन जास्त. योग्य व्हिनाइल एस्टर रेझिन वापरलं, तर हायड्रोक्लोरिक आम्लही नेता येतं.
• ब्रेक लागताच द्रव उसळतो. त्यासाठी आत आडपडदे.
• द्रवाऐवजी कोरडी भुकटी नेली, तर तिच्या घर्षणाने स्थिर वीज साठते. वाहक थर आणि अर्थिंग हवंच.

बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात काम शोधणाऱ्या आपल्या पोरांनी हे तंत्र जरूर शिकावं.