हेलिकॉप्टरचं पुस्तक निवडताना

अडीच ते पाच या वयात बऱ्याच मुलांना एखाद्या यंत्राचं वेड लागतं. कुणाला जेसीबी, कुणाला रेल्वे, तर कुणाला हेलिकॉप्टर. आपल्या हैदराबादेत तर त्याला निमित्तही आहे. जवळच हकीमपेठला वायुसेनेचे वैमानिक हेलिकॉप्टर चालवायला शिकतात.

ऑनलाइन शोधलं तर हेलिकॉप्टरची चित्रपुस्तकं ढिगाने मिळतात, पण बहुतेक इंग्रजी. त्यातून निवडताना मी चार गोष्टी बघतो.

चित्र खरं आहे का?
नेहमीच्या हेलिकॉप्टरला डोक्यावर एक मोठा पंखा आणि शेपटीवर एक छोटा पंखा असतो. मोठा पंखा एका दिशेने फिरला की धड उलट दिशेने फिरू पाहतं. शेपटीचा पंखा त्याला आवरतो. चित्रात तो गायब असेल तर चित्रकाराने घाई केली आहे असं समजा. चिनूकची गोष्ट वेगळी. त्याला पुढे-मागे दोन मोठे पंखे असतात आणि ते एकमेकांच्या उलट फिरतात, म्हणून शेपटीला पंखा लागत नाही.

मुलांना हे खुर्चीवर दाखवता येतं. फिरत्या खुर्चीत बसा, पाय उचला आणि अंग झटकन उजवीकडे वळवा. खुर्ची डावीकडे जाते!

हेलिकॉप्टर काय काम करतं?
नुसती रंगीत मॉडेल्स एकापाठोपाठ एक दाखवणारी पुस्तकं मुलं दोन दिवसांत बाजूला टाकतात. पुरात गच्चीवर अडकलेल्यांना दोराने वर घेणं, डोंगरातून रुग्णाला आणणं, मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलविहिरींवर कामगारांना पोहोचवणं अशी कामं असलेलं पुस्तक घ्या. मग ‘विमान का नाही गेलं?’ हा प्रश्न आपोआप येतो. विमानाला धावपट्टी लागते. हेलिकॉप्टर सरळ वर उठतं आणि हवेत एका जागी थांबतं. चतुर नावाचा किडा पाहिलेल्या मुलाला हे लगेच पटतं.

वयाला झेपेल का?
अडीच-तीन वर्षांच्या मुलाला जाड पुठ्ठ्याची पानं आणि पानावर एकच मोठं चित्र पुरे. झडप उघडून आत बघायची पुस्तकं चार वर्षांनंतर घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी झडपा हातात येतात. पाचव्या वर्षी इंजिन कुठे, पायलट कुठे, हे आतून दाखवणारं चित्र आवडू लागतं.

आपल्या बोलण्याला जागा आहे का?
माझ्या लेखी हे सगळ्यात महत्त्वाचं. आपली मुलं शाळेत इंग्रजी, खाली खेळताना तेलुगू आणि हिंदी बोलतात. घरची मराठी हळूहळू ‘जेव, झोप, आवर’ एवढ्यावर येते. मुलाचं ज्यावर प्रेम आहे त्या विषयावर मराठीत बोललो, तरच ती पुढे सरकते.

म्हणून यमक जुळवलेल्या लांब इंग्रजी ओळींचं पुस्तक मी टाळतो. ते वाचता वाचता मराठीत सांगणं कठीण जातं. कमी शब्दांचं किंवा बिनशब्दांचं पुस्तक घेतलं तर गोष्ट आपली होते. हेलिकॉप्टरला हेलिकॉप्टरच म्हणा, ओढूनताणून प्रतिशब्द नको. पण पाती गरगरतात, धुरळा उडतो, हेलिकॉप्टर घिरट्या घालतं, दोर खाली सोडतात, ते अलगद उतरतं. ही क्रियापदं मुलाला दुसरीकडे कुठे मिळणार?

प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा फुकट वाचता येतात आणि आवडलेल्या कथेचा अनुवाद आपल्यालाही करता येतो. आजी-आजोबा दुसऱ्या गावी असतील तर व्हिडिओ कॉलवर त्यांच्यासमोर पुस्तक धरा आणि गोष्ट मुलालाच सांगू द्या. ‘हेलिकॉप्टर उडाला’ म्हणालं तर मध्येच चूक काढू नका. आजी सहज म्हणेल, ‘हो का, उडालं का?’ तेवढं पुरतं.