फोकास, बार्डास
(? – १३ एप्रिल ९८९). बायझंटिन सेनापती व राजसत्तेविरुद्ध दोनदा उठलेला सरदार. सम्राट दुसरा नायसेफोरस याचा पुतण्या. चुलत्याच्या खुनानंतर (९६९) सिंहासनासाठी त्याने केलेले बंड बार्डास स्क्लिरॉसने मोडले. फोकासची किऑस बेटावर भिक्षू म्हणून रवानगी झाली. पुढे स्क्लिरॉसनेच बंड पुकारल्यावर दरबाराने फोकासला पाचारण केले. जॉर्जियन सैन्याच्या मदतीने त्याने स्क्लिरॉसचा पराभव केला (९७९). मात्र ९८७ मध्ये तो स्वतःच सम्राट म्हणवू लागला. तेव्हा दुसऱ्या बॅसिलने बहीण ॲना हिचा विवाह कीव्हच्या व्ह्लादिमिरशी ठरवून त्याच्याकडून सु. ६,००० योद्धे मिळविले. अबायडॉसच्या रणांगणावर बॅसिलवर चालून जाताना फोकास अकस्मात मरण पावला. व्ह्लादिमिरने ख्रिस्ती धर्म स्वीकारला व त्याचे योद्धे सम्राटाचे रक्षकदल बनले, हे या अयशस्वी बंडाचे दूरगामी परिणाम होत.