ओकच्या झाडाखालची मेणटोपी

काही अळंब्यांच्या टोपीखालच्या पट्ट्या बोटांत चुरल्या, तर मेणासारख्या लागतात. यांना आपण मेणटोप्या म्हणू. ब्रिटनमध्ये पुष्कळशा मेणटोप्या जुन्या, खत न घातलेल्या कुरणांत उगवतात. 'हायग्रोफोरस' गणातल्या मात्र झाडांशिवाय जगत नाहीत. त्यांपैकी 'हायग्रोफोरस रुसुला' ही तिथे अत्यंत दुर्मिळ आहे.

ती ओळखायला अवघड का? घोटाळा नावापासूनच आहे. शेफर या जर्मन अभ्यासकाने १७७४ मध्ये तिला 'रुसुला', म्हणजे तांबूस, म्हटले. पुढे 'रुसुला' हे एका निराळ्याच गणाचे नाव झाले, आणि त्या गणातल्या काही अळंब्या हुबेहूब हिच्यासारख्या दिसतात! १९१८ मध्ये कॉफमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने तिला आजच्या गणात आणले.

रंगावर आपण विसंबू नये. दांडा मोडून पाहावा. रुसुला गणातल्या अळंबीचा दांडा खडूसारखा तटकन तुटतो, कारण तिच्या गरात गोल पेशींचे पुंजके असतात. मेणटोपीचा दांडा तंतुमय असतो, तो चिरफाळत तुटतो. तिच्या पट्ट्या आधी पांढऱ्या, मग गुलाबी होतात आणि त्यांवर द्राक्षारसाचे शिंतोडे उडावेत तसे डाग पडतात. दोन्हींचे बीजाणू पांढरे असू शकतात, त्यामुळे कागदावर घेतलेला बीजाणूंचा ठसा इथे निकाल देत नाही. सूक्ष्मदर्शक देतो: मेणटोपीचे बीजाणू गुळगुळीत, तर रुसुलाचे खरखरीत, चामखिळी असल्यासारखे.

आता ठिकाण. या मेणटोपीचे तंतू ओकच्या कोवळ्या मुळांना वेढून राहतात. ते झाडाला पाणी व क्षार पुरवतात, झाड त्यांना साखर देते. म्हणून ही अळंबी उपटून दुसरीकडे लावता येत नाही, आणि ओक तोडले की जमिनीतले तंतूही उपाशी मरतात. शिवाय ती दरवर्षी वर येतेच असे नाही. कोणी तिला 'रुसुलाच असेल' म्हणून सोडून दिले, तर त्या रानात ती आहे हे झाडे तोडली जाईपर्यंत कुणाला कळतही नाही.

(दुर्मिळ म्हणजे सगळीकडे दुर्मिळ नव्हे. जपानमध्ये हिला 'साकुराशिमेजी' म्हणतात आणि चवीने खातात.)

अशी अळंबी आढळली, तर तपासणीसाठी एकच घ्यावी, बाकीच्या राहू द्याव्यात. सोबत तारीख लिहावी, आणि जवळचे झाड कोणते तेही. ही शेवटची नोंदच बहुधा राहून जाते.